गोडे पाणी, खारे पाणी आणि चार जिल्हे

इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची एक काचनळी डोळ्यांपुढे आणा. तिच्या एका बाजूस समुद्राचे पाणी आहे, दुसऱ्या बाजूस विहिरीचे गोडे पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत असे घटकाभर धरू. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १०२५ किलोग्रॅम, तर गोड्या पाण्याची १०००. तेव्हा खाऱ्या पाण्याच्या ४० फूट स्तंभाला तोलून धरायला गोड्या पाण्याचा ४१ फूट स्तंभ लागेल. (दोन्ही गुणाकार स्वतः करून पाहा.) वर दिसणाऱ्या एका जादा फुटाच्या जोरावर खालचे ४० फूट खारे पाणी थोपवले जाते!

किनाऱ्यालगतच्या जमिनीतही असेच घडते. गायबेन या डच आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. प्रत्यक्षात जमिनीतले पाणी वाहते असते, त्यामुळे नियम ढोबळच. पण दिशा अचूक दाखवतो. कोकणात किनाऱ्याजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यामागे हेच गणित असते.

हे गणित घेऊन आपण अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या आग्नेय किनाऱ्यावर जाऊ. तेथे पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि मन्रो असे चार जिल्हे एकापुढे एक लागून आहेत. वस्ती साठ लाखांच्या आसपास. जमीन सपाट, बऱ्याच ठिकाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फूट उंच. खाली चुनखडीचा सच्छिद्र खडक आणि त्यातील भूजल हाच पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. मन्रोच्या बेटांना तर नळाचे पाणी मायामी-डेडमधील विहिरींतून येते.

मन्रोमधील की वेस्ट येथे १९१३ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. शंभर वर्षांत ती सुमारे १० इंचांनी चढली. पृथ्वी तापते तसे समुद्राचे पाणी प्रसरण पावते, आणि जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. मग हॉलंडसारखी भिंत का बांधू नये? कारण भिंतीखालचा खडकच स्पंजासारखा आहे. समुद्र भिंतीच्या तळातून आत झिरपेल.

खरी पंचाईत पुढेच आहे. समुद्र अर्धा फूट चढला आणि भूजल होते तिथेच राहिले, तर आपल्या नियमाप्रमाणे खारे पाणी २० फूट वर सरकू पाहील. ते रोखायचे तर भूजलाची पातळीही वाढवावी लागेल. पण ती वाढवली तर पहिल्या जोरदार पावसात घरांत पाणी शिरेल. शिवाय पुराचे पाणी कालव्यांच्या दारांतून केवळ उताराच्या बळावर समुद्रात जाते. भरतीच्या वेळी काही दारांपाशी आतबाहेरच्या पातळ्यांत काही इंचांचाच फरक उरतो. समुद्र वर असेल तर दार उघडून उपयोग काय? पाणीपुरवठा खात्याला पातळी वर हवी, पूरनियंत्रण खात्याला खाली, आणि पाणी तर एकच! ब्रॉवर्डमधील हॅलंडेल बीच या गावाच्या आठांपैकी सहा विहिरी खारेपणामुळे हातच्या गेल्या.

या अडचणीवर एकट्या जिल्ह्याला उपाय करता येत नाही. मात्र चौघांनी एकत्र येण्यापूर्वी एक मजेदार अडथळा होता. प्रत्येक जिल्हा समुद्र किती चढेल याचा आपला वेगळा आकडा घेऊन राजधानी वॉशिंग्टनमध्ये मदत मागत होता. कोणाचे आरंभवर्ष निराळे, कोणाचे बर्फ वितळण्याविषयीचे गृहीत निराळे. प्रयोगशाळेत दोन गटांनी शून्य वेगवेगळ्या जागी धरले, तर त्यांची निरीक्षणे कशी जुळणार?

ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांची परिषद भरली, आणि जानेवारी २०१० पर्यंत चारही जिल्ह्यांनी करार मंजूर केला. कराराने नवे सरकार उभे केले नाही की कोणावर सक्तीही केली नाही. मला त्याचे सर्वांत मोठे काम वाटते ते निराळेच. जिल्ह्यांचे अधिकारी, विद्यापीठांतील व केंद्रीय संस्थांतील शास्त्रज्ञ आणि पाणी-व्यवस्थापक यांनी बसून एकच सामाईक अंदाज ठरवला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे २०१५ व २०१९ मध्ये सुधारला गेला. २०१९ च्या अंदाजानुसार की वेस्टची पातळी २००० सालच्या तुलनेत २०४० पर्यंत १० ते १७ इंच, आणि २०७० पर्यंत २१ ते ५४ इंच वाढेल. म्हणजे जी वाढ व्हायला पूर्वी शंभर वर्षे लागली, ती आता चाळीस वर्षांत, तीही कमीत कमी!

२१ आणि ५४ यांत एवढे अंतर का, असे तुम्ही विचाराल. माणूस यापुढे किती कोळसा व तेल जाळील, आणि ध्रुवांकडचे हिमस्तर किती वेगाने ढासळतील, यावर ते अवलंबून आहे. म्हणून हा अंदाज वापरण्याची रीतही ठरवून दिली आहे. थोड्या वर्षांसाठी बांधायची आणि बिघडली तरी फार न अडणारी वस्तू असेल, तर खालचा आकडा चालेल. पण वीजकेंद्र किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधायचे असेल, तर वरचा आकडा धरूनच पायाची उंची ठरवायची.