सत्तावीस सामन्यांतला एक

२९ जून १९५०. त्या एका दिवसात इंग्लंड दोन मैदानांवर हरलं. लंडनमध्ये लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजने त्यांना कसोटीत ३२६ धावांनी लोळवलं. इंग्लंडच्या भूमीवरचा वेस्ट इंडिजचा हा पहिला कसोटी विजय. आणि त्याच दिवशी अटलांटिकपलीकडे, ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरात, फुटबॉलच्या विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० असं हरवलं. लॉर्ड्सचा पराभव इंग्लिश माणसाला झोंबला असेल, पण समजला तरी. बेलो होरिझोंतेचा निकाल डोक्यात शिरायलाच तयार नव्हता. काही इंग्लिश वर्तमानपत्रांनी तो तारेतली चूक समजून इंग्लंडचा १०-१ असा विजय छापला, ही कथा आजही सांगितली जाते. तसा छापील अंक मात्र कुणी दाखवू शकलेलं नाही. निकाल इतका अचाट की त्याला शोभेल अशी दंतकथा लोकांनीच रचली.

या सामन्यावर २००५ साली हॉलिवूडने 'द गेम ऑफ देअर लाइव्ह्ज' हा सिनेमा काढला. दिग्दर्शक डेव्हिड अन्सपॉ, आणि गोलरक्षक फ्रँक बोर्गीच्या भूमिकेत जेरार्ड बटलर. दुबळा संघ, नाक उडवणारा प्रतिस्पर्धी, शेवटी खांद्यावर घेतलेला वीर, असा सगळा ओळखीचा मसाला त्यात आहे. पण सिनेमा बाजूला ठेवून या सामन्याकडे पाहिलं, की त्याहून मोठं नवल हाती लागतं. आणि ते बरंचसं गणितात दडलेलं आहे.

आधी माणसं पाहू. इंग्लंडचा संघ पूर्ण व्यावसायिक होता. कर्णधार बिली राइट, बगलेवरून धावणारा टॉम फिनी, गोल करण्यात वाकबगार स्टॅन मॉर्टेन्सन, आणि बचावफळीत अल्फ रॅम्सी. हाच रॅम्सी पुढे प्रशिक्षक झाला आणि १९६६ साली त्याने इंग्लंडला विश्वचषक मिळवून दिला. स्टॅन्ली मॅथ्यूजसारखा जादूगार संघाबरोबर ब्राझीलमध्ये होता, पण चिलीला २-० हरवणारा संघ बदलायचा कशाला, म्हणून त्याला बाहेर बसवलं होतं.

समोर कोण? बोर्गी सेंट लुईसमध्ये काकांच्या अंत्यविधीच्या व्यवसायात शववाहिका चालवायचा. हॅरी किओ टपाल खात्यात होता. वॉल्टर बार फिलाडेल्फियात शाळामास्तर. आघाडीवरचा जो गेटजेन्स मूळचा हैतीचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकत होता आणि खर्चासाठी एका उपाहारगृहात भांडी घासत होता. तो अमेरिकेचा नागरिकही नव्हता. नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केला होता आणि त्या काळी तेवढं चालून गेलं. बचावातला चार्ली कोलंबो मुष्टियोद्ध्यासारखे हातमोजे घालून खेळायचा. हा संघ विश्वचषक जिंकेल यावर बुकी पाचशेला एक असा भाव देत होते. इंग्लंडवर तीनला एक.

सामना सुरू झाला तो अपेक्षेप्रमाणेच. चेंडू इंग्लंडच्या पायात, फटक्यावर फटके, पहिल्या काही मिनिटांतच चेंडू गोलच्या खांबावरही आदळला. बोर्गी मिळेल तिथे उडी घेत होता. मग ३८व्या मिनिटाला बारने लांबून एक फटका हाणला. इंग्लिश गोलरक्षक बर्ट विल्यम्स चेंडूच्या दिशेने निघाला होता. तेवढ्यात गेटजेन्सने गर्दीतून झेप घेतली, चेंडूला डोकं जेमतेम लागलं, दिशा बदलली आणि चेंडू जाळ्यात.

उरलेला पाऊण-एक तास इंग्लंड धडका देत राहिलं. शेवटच्या काही मिनिटांत गोलकडे सुसाट निघालेल्या मॉर्टेन्सनला कोलंबोने मागून चक्क कवेत घेऊन पाडलं. त्यावरच्या फ्री किकवर जिमी मुलनने हेडर मारला आणि बोर्गीने तो कसाबसा परतवला. चेंडूने रेषा ओलांडली होती, असं इंग्लिश खेळाडूंचं म्हणणं होतं. पंचांना तसं वाटलं नाही. शिट्टी वाजली आणि ब्राझीलच्या प्रेक्षकांनी गेटजेन्सला खांद्यावर उचललं. त्यांच्या चषकाच्या वाटेतला एक काटा परस्पर निघाला होता!

आता गणित. गोलांसारख्या विरळ घटना मोजायला एक जुनं सूत्र आहे, सिमेओं पोआसों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचं. लाडिस्लाउस बोर्तकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली ते प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मरणाऱ्या सैनिकांच्या आकड्यांना लावून दाखवलं आणि ते चपखल बसलं. तेच सूत्र फुटबॉललाही बऱ्यापैकी लागू पडतं. घोड्याची लाथ आणि गोल या दोन्ही गोष्टी क्वचित घडतात आणि नेमक्या कधी घडतील ते सांगता येत नाही.

समजा, बलाढ्य संघ दर सामन्यात सरासरी ३ गोल करतो आणि दुबळा संघ सरासरी अर्धा, म्हणजे दोन सामन्यांत मिळून एक. सहापट फरक! सूत्रात हे आकडे घाला. दुबळा संघ जिंकण्याची शक्यता निघते सुमारे पावणेचार टक्के. म्हणजे २७ सामन्यांत एक. बरोबरी होण्याची शक्यता आणखी साडेनऊ टक्के. दर सात-आठ सामन्यांमागे एकदा सहापट ताकदवान संघ विजयाविना घरी जाणार, आणि त्यासाठी कुणी गाफील राहायला नको की कुणाच्या अंगात वारं भरायला नको.

आता तोच फरक सहापटच ठेवा, पण गोल दसपट होऊ द्या: एका बाजूला सरासरी ३०, दुसऱ्या बाजूला ५. दुबळ्याच्या विजयाची शक्यता कुठे जाते? दहा लाख सामन्यांत एखाद-दुसरा. संघ तेच, कुवत तीच, फक्त मोजमापं वाढली आणि चमत्काराचं दार जवळजवळ बंद झालं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण एकच शीत उचललं आणि तेच नेमकं कच्चं निघालं तर? फुटबॉल एका-दोन शितांवर निकाल लावतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००६च्या सुमारास लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतला एली बेन-नाइम आणि त्याचे सहकारी यांनी पाच खेळांच्या साखळी स्पर्धांमधले तीन लाखांहून अधिक निकाल तपासले. गुणतक्त्यात मागे असलेल्या संघाने पुढच्याला हरवण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं इंग्लिश फुटबॉलमध्ये. त्यामागोमाग बेसबॉल आणि आइस हॉकी. गुणांची खैरात करणारे बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल तळाला.

सिनेमाची खरी अडचण इथे आहे. पडद्यावर गोष्टीला कारण लागतं. शक्यतेचा पावणेचार टक्क्यांचा तुकडा त्या दिवशी वाट्याला आला, असं सांगून तिकीट कोण काढणार? मग कारणं घडवावी लागतात. सिनेमात मॉर्टेन्सनला इंग्लंडचा कर्णधार करून तुच्छता दाखवायचं काम दिलं आहे. खरा कर्णधार राइट होता. गेटजेन्सला वूडू मानणारा दाखवलं आहे. प्रत्यक्षात तो कॅथलिक होता. विजयामागे काहीतरी गूढ बळ असलं पाहिजे, ही पटकथेची गरज.

पण म्हणून सगळं श्रेय नशिबाच्या पदरात टाकायचं का? मुळीच नाही. पावणेचार टक्के आकाशातून पडत नाहीत. बोर्गीने त्या दिवशी तीन-चार चेंडू सोडले असते, तर बारचा फटका आणि गेटजेन्सचं डोकं एका विसरलेल्या सामन्याची तळटीप ठरले असते. आधीच्याच सामन्यात हा संघ स्पेनविरुद्ध १-०ने पुढे होता. शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोल खाऊन हरला. दुबळ्या संघाचं कसब गोल करण्यापेक्षा सामना लहान ठेवण्यात असतं: समोरच्याला दुसरं, तिसरं, चौथं शीत तपासू न देण्यात. ते त्यांनी जिवाच्या आकांताने केलं. मोठ्यांना अडवून धरायचं आणि आपली एक संधी आली की सोडायची नाही, हे त्यांच्या हातात होतं. ती संधी येणं हातात नव्हतं.

गणित निर्दयही असतं. पुढच्याच सामन्यात चिलीने अमेरिकेला ५-२ असं हरवलं, स्पेनने इंग्लंडला १-० असं, आणि दोघंही स्पर्धेबाहेर. अमेरिकेत कुणी फारसं विचारलं नाही. तिकडचा एकच वार्ताहर सामन्याला हजर होता: सेंट लुईसचा डेंट मॅकस्किमिंग, तोही रजा काढून स्वखर्चाने गेलेला. बोर्गी पुन्हा शववाहिकेकडे, बार शाळेकडे वळला. गेटजेन्स हैतीला परतला. जुलै १९६४ मध्ये फ्रांस्वा दुव्हालिएच्या हुकूमशाहीतल्या माणसांनी त्याला उचलून नेलं आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. ज्या गोलवर सिनेमा निघाला, तो करणाऱ्याच्या आयुष्याचा शेवट कुठल्याच क्रीडापटाच्या साच्यात बसत नाही.

आपल्यासाठी या स्पर्धेत आणखी एक आकडा आहे: शून्य. १९५०च्या विश्वचषकात भारताला जागा मिळाली होती, स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात. भारत गेला नाही. अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून गेला नाही, ही नंतर पसरलेली कथा. भारतीय फुटबॉल संघटनेने तेव्हा संघनिवडीतले मतभेद आणि अपुरा सराव ही कारणं दिली होती. दोनच वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांश अनवाणी खेळाडूंच्या याच भारताने दोन पेनल्टी हुकवूनही फ्रान्सला २-१पर्यंत झुंजवलं होतं. इटलीला आपण हरवलं असतं का? बहुधा नाही. पण सत्तावीस सामन्यांतला तो एक सामना कुणाच्या वाट्याला यायचा, हे फक्त उतरलेल्या संघांमध्येच ठरतं. शववाहिकेचा चालक, मास्तर आणि भांडी घासणारा विद्यार्थी उतरले होते. त्या चिमूटभर शक्यतेवर त्यांचा हक्क होता, तो एवढ्याचमुळे.