लहान शेताचा ट्रॅक्टर आणि 'अश्वशक्ती' या संज्ञेचे अर्थ

शास्त्रातील संज्ञा बाजारात रूढ झाली म्हणजे तिचा अर्थ शिथिल होतो, आणि त्या शैथिल्याची किंमत बहुधा ग्राहकाला मोजावी लागते. 'अश्वशक्ती' ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण होय. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर होते. एवढ्या जमिनीसाठी कर्ज काढून ट्रॅक्टर घेणाऱ्याची निवड चुकली, तर हप्ते फिटेपर्यंत ती चूक त्याची पाठ सोडत नाही.

वाफेच्या यंत्राची तुलना घोड्याच्या कामाशी करता यावी म्हणून जेम्स वॉट याने अठराव्या शतकात हे परिमाण रूढ केले. त्याच्या मेट्रिक रूपानुसार ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती. व्याख्या निःसंदिग्ध आहे. प्रश्न उद्भवतो तो ही शक्ती मोजावयाची कोठे, हा. इंजिनाची शक्ती ही पहिली. अवजारास फिरती गती देणाऱ्या मागील दांड्यावर, म्हणजे शेतकरी ज्यास 'पीटीओ' म्हणतो तेथे मिळणारी शक्ती ही दुसरी, व ती पहिलीपेक्षा काहीशी कमी असते. प्रत्यक्ष ओढण्यास उपलब्ध होणारी शक्ती ही तिसरी. मऊ जमिनीत ती इंजिनाच्या शक्तीच्या निम्म्यावरही येऊ शकते. जाहिरातीत ठळकपणे छापला जातो तो आकडा सामान्यतः पहिल्या अर्थाचा असतो.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. समजा, १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ओढीसाठी ७.५ अश्वशक्ती मिळाली. सेकंदास एक मीटर वेगाने तो हिशेबाप्रमाणे सुमारे ५६० किलोग्रॅम ओढ देईल. परंतु ट्रॅक्टरचे स्वतःचेच वजन ८०० किलोग्रॅम असेल, तर भुसभुशीत मातीत चाके घसरू लागतील व ही ओढ कागदावरच राहील. म्हणजे नांगरटीत इंजिनाच्या आकड्याइतकेच महत्त्व वजनास, टायरांस आणि चारही चाकांना गती मिळते की नाही यास आहे.

यावरून निवडीचे तत्त्व निघते: वर्षातून एकदा येणाऱ्या सर्वांत जड कामावरून नव्हे, तर वारंवार कराव्या लागणाऱ्या कामावरून यंत्र ठरवावे. नाशिक भागातील द्राक्षबागाईतदारास हंगामात पुनःपुन्हा फवारणी करावी लागते. ब्लोअर पीटीओवर चालतो, म्हणून तेथे दुसऱ्या अर्थाची अश्वशक्ती निर्णायक ठरते. त्याचबरोबर वेलींच्या दोन ओळींतून सहज जाईल अशी रुंदी व आखूड वळण हवे. रोटाव्हेटरचेही तसेच. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला आणि वळणांत पाचवा हिस्सा वेळ गेला, तर एक एकर सुमारे दोन तासांत होते. तीन-चार एकरांस हा वेग पुरेसा आहे. भारी काळ्या जमिनीची खोल नांगरट मात्र लहान ट्रॅक्टरकडून अपेक्षू नये. त्या एका कामासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणणे, त्याचे हप्ते वर्षभर फेडण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

अवजारे जोडण्याची तीन सांध्यांची रचना हॅरी फर्ग्युसन याच्या संशोधनातून आली व १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरामुळे तिचा प्रसार झाला. या सांध्यांचे आकार प्रमाणित वर्गांत मोडतात. घेतलेले अवजार त्या वर्गात बसते काय, आणि लिफ्ट ते उचलू शकते काय, हे खरेदीपूर्वीच पाहावयास हवे.

विक्रेत्याच्या शब्दाची शहानिशा कशी करावी, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून विक्रीस येणाऱ्या ट्रॅक्टरांची चाचणी आवश्यक केली. भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था अशा चाचण्या घेते. तिच्या अहवालांत पीटीओवरील शक्ती, ओढ व लिफ्टची क्षमता स्वतंत्रपणे नोंदलेली असते. ग्राहकाने 'किती अश्वशक्ती?' एवढेच न विचारता 'कोठे मोजलेली?' असे विचारावे, आणि उत्तर अहवालाशी ताडून पाहावे.