लेखनपूर्व क्रीडा : चिकित्सालयातील एक विचारणीय प्रश्न

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की आमच्या चिकित्सालयात एक ठराविक तक्रार येऊ लागते. "डॉक्टर, मुलगा साडेतीन वर्षांचा झाला, अजून अक्षर काढत नाही. बुद्धीचं काहीतरी औषध द्या." औषधविक्रेत्या बंधूंचा अनुभवही निराळा नसावा, मेध्य सिरपाची मागणी याच दिवसांत वाढते.

गतवर्षी अशीच एक माता पावणेचार वर्षांच्या बालकास घेऊन आली. शाळेने रोज दोन पाने लेखन दिले होते. पेन्सिल हातात दिली की मूल रडू लागे व पोट दुखते म्हणे. आम्ही त्यास कोरा कागद दिला. त्याने पेन्सिल मुठीत धरून गोल काढला. अधिकचे चिन्ह मात्र जमले नाही. यात विकृती काहीच नाही. उभी रेघ साधारण दुसऱ्या वर्षी, गोल तिसऱ्या, अधिकचे चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार, तर त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास जमतो. अक्षरे याच रेषांची बनतात. चौकोन न येणाऱ्या बालकाकडून 'क' ची अपेक्षा करणे म्हणजे दात येण्यापूर्वी भाकरी भरविणे होय.

पूर्वी अशा बालकांस आम्हीही सारस्वतारिष्ट देत असू, हे कबूल केले पाहिजे. पालक संतुष्ट, विक्रेता संतुष्ट. हात मात्र होता तेथेच. शिवाय अरिष्टात स्वयंजनित मद्यांश असतो, याचा विसर पडू नये. मेध्य द्रव्यांविषयी आमचा आदर कमी झालेला नाही. पण जेथे व्याधीच नाही तेथे चिकित्सा कशाची?

पाणि हे कर्मेंद्रिय. ग्रहण हे त्याचे कर्म. मनगटातील आठ लहान अस्थी जन्मतः तरुणास्थिरूप असतात व त्यांचे अस्थिभवन क्रमाने होते. शेवटचीचे तर नवव्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतरही. हातावरील नियंत्रणही खांद्याकडून बोटांकडे येते. म्हणून प्रथम लोंबकळणे, चढणे, बेडूकउड्या, रांगत बोगद्यातून जाणे, पेन्सिल नंतर.

बोटांसाठी स्वयंपाकघराइतकी चांगली शाळा नाही. कणकेचा गोळा मळणे, मटार सोलणे, कपड्यांना चिमटे लावणे, फुले ओवणे, ताटात रवा पसरून बोटाने रेघा ओढणे, अंगणातील फरशीवर ओल्या कुंचल्याने 'रंगविणे' ही सारी लेखनाचीच तयारी होय. पोळ्याला मातीचे बैल करणारी मुले ती नकळत करीत आली. भिंतीवर चिकटविलेल्या कागदावर उभ्याने चित्र काढले की मनगट आपोआप योग्य स्थितीत राहते. खडूचा लहान तुकडा द्यावा. तो मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

आमच्या व्यवसायातील दोन कर्मेही उपयोगी पडतात : गुटी वळणे व पुडी बांधणे. वरील बालकाच्या मातेस आम्ही औषध दिले नाही. कणकेच्या गोळ्या वळण्यास व कागदाच्या पुडीत बडीशेप बांधण्यास सांगितले. ती काहीशी नाराजच झाली. दिवाळीनंतर मूल आले तेव्हा पेन्सिल तीन बोटांत होती व अधिकचे चिन्ह जमत होते. यात वयाचा वाटा किती व खेळाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पोटदुखी मात्र थांबली होती, कारण शाळेशी बोलून पालकांनी वहीही थांबविली होती.

बाटल्यांची झाकणे फिरविण्याचा खेळ चांगला, पण तो औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवर खेळवू नये. जे कौशल्य आपण शिकवू ते बालक कपाटातील भरलेल्या बाटलीवर वापरणारच. खेळण्यांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी शारीरस्थानात ती चित्रविचित्र, नाद करणारी, हलकी, तीक्ष्ण टोक नसलेली व तोंडात न शिरणारी असावीत असे म्हटले आहे. नाकात चिंचोका अडकलेले मूल ज्याने पाहिले आहे त्यास यावर भाष्य नको.

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते परिसरातील साध्या वस्तूंच्या आधारे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा असून खेळावर भर आहे. आपल्या परंपरेतही विद्यारंभ पाचव्या वर्षी सांगितला आहे. तेव्हा पालकांस थांबण्यास सांगताना वैद्याने संकोच करण्याचे कारण नाही.

मात्र प्रत्येकास 'थांबा' म्हणूनही चालणार नाही. पहिल्या वर्षातच एकच हात वापरणे, एका बाजूस दुर्बलता वा ताठरपणा, आलेले कौशल्य नाहीसे होणे, बोलणे वा नजरेस नजर देणे कमी असणे, यांपैकी काही आढळल्यास बालरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. चौथ्या वर्षी डावा हात पुढे येत असेल तर तो दोष नव्हे. तो बदलण्याचा आग्रह आजी-आजोबांनी धरल्यास त्यांस आपणच समजावून सांगावे, कारण या विषयात ते शाळेपेक्षा वैद्याचे अधिक ऐकतात.