वेदरिंग म्हणजे गंज नव्हे
किटमधून जोडलेल्या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलवर वेदरिंग (वापराच्या खुणा रंगाने दाखवणे) करायचं म्हणजे सगळीकडे गंज फासायचा, असा समज आहे. पण रोज चुलीवर चढणाऱ्या लोखंडी तव्यावर काजळी धरते. गंजतो तो पडून राहिलेला तवा. धावत्या इंजिनाचंही तसंच. धुराड्याभोवती काजळी, टेंडरवर (कोळसा-पाण्याचा जोडडबा) कोळशाची भुकटी, चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर तेलकट काळपटपणा, आणि बॉयलरमधून पाणी झिरपतं तिथे क्षारांचे पांढरे ओघळ. रुळावर फिरणारी चाकाची धाव मात्र लख्ख हवी. ती रंगवली की सगळं बिघडतं. मळ किती दाखवायचा, हे मॉडेलच्या काळावरही ठरतं. ब्रिटिश रेल्वेने १९६८मध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं बंद केली. त्याआधीच्या वर्षांत ती फारशी पुसली जात नसत, म्हणून त्या काळचं मॉडेल काळवंडलेलंच खरं दिसतं. वॉश (पातळ केलेला गडद रंग) लावल्यावर ब्रश वरून खाली ओढावा, कारण पावसाचं पाणीही तसंच ओघळतं.