फाटकावरच्या सभेची फीत

वागळे इस्टेटीतल्या एका बंद कारखान्याच्या फाटकावर २००४ साली झालेली सभा आमच्यापाशी मिनीडीव्ही फितीवर आहे; तीत बोललेले कित्येक जण आज हयात नाहीत. संगणकावर उतरविताना ती सुमारे १९ मिनिटांनी तुटे. डोंबिवलीच्या एका दुकानदाराने फीतच बाद ठरविली. आम्हांस ते पटेना.

दोष डिस्कचा होता. अशा चित्रणास तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबींहून मोठी फाईल मावतच नाही. डिस्क रिकामी करून एनटीएफएस पद्धतीची केली. तार मात्र फायरवायरचीच हवी. पुष्कळ कॅमेऱ्यांची यूएसबी छायाचित्रांपुरतीच असते. तासाच्या फितीस तासच लागतो, तिथे घाई चालत नाही. विसाव्या मिनिटानंतर एका दिवंगत सहकाऱ्याचा आवाज आला.