‘अनेक प्रसंगी’ आणि ‘मध्यक’ : नदीजलातील जीवाणुगणनेविषयीच्या दोन विधानांचा विचार

१. विषयप्रवेश

प्रयागराज येथील महाकुंभ १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या काळात भरला होता. तेथील नदीच्या पाण्यासंबंधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे दोन अहवाल ठेवले. ३ फेब्रुवारीच्या पहिल्या अहवालाचा आशय असा होता की, तपासलेल्या सर्व ठिकाणी अनेक प्रसंगी विष्ठाजन्य कोलिफॉर्मचे प्रमाण स्नानयोग्य पाण्याच्या निकषात बसत नव्हते. २८ फेब्रुवारीच्या दुसऱ्या अहवालात म्हटले होते की, १२ जानेवारी ते २२ फेब्रुवारी या अवधीत गंगेवरील १० ठिकाणी झालेल्या २० फेऱ्यांच्या आकडेवारीचे सांख्यिकीय विश्लेषण केले असता पाणी स्नानास योग्य ठरते. विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा मध्यक दर १०० मिलिलिटरला १४०० असून निकषाची कमाल मर्यादा २५०० आहे.

ही दोन विधाने परस्परविरुद्ध आहेत, सबब त्यांपैकी एक असत्य असले पाहिजे, असा समज पुष्कळांचा झाला. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान असल्यामुळे त्याचे लक्ष प्रथम विधानांच्या घडणीकडे गेले. ‘अनेक प्रसंगी मर्यादा ओलांडली’ आणि ‘मध्यक मर्यादेच्या आत आहे’ ही दोन्ही विधाने एकाच आकडेवारीविषयी एकाच वेळी सत्य असू शकतात. मग नदीत उतरणाऱ्या मनुष्याला यांपैकी कोणते विधान उपयोगी, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मूळ आकडा कसा तयार होतो हे पाहणे अगत्याचे आहे.

२. चिन्ह आणि चिन्हित

विष्ठाजन्य कोलिफॉर्म हे जीवाणू बहुतांशी स्वतः रोगकारक नसतात. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत त्यांचा वास असल्यामुळे ते पाण्यात आढळले म्हणजे विष्ठा पाण्यात मिसळली असे अनुमान होते. आणि जेथे विष्ठा तेथे पटकी, विषमज्वर, अतिसार यांच्या जंतूंची शक्यता. नैयायिकांच्या परिभाषेत बोलायचे तर कोलिफॉर्म हा धूम आणि सांडपाणी हा अग्नी. मात्र ही व्याप्ती निर्दोष नाही. उष्ण प्रदेशात तळच्या गाळामध्ये यांतील काही जीवाणू टिकून राहतात व वाढतातही. उलट काही विषाणू कोलिफॉर्म नाहीसे झाल्यावरही पाण्यात तग धरतात. म्हणून हा आकडा धोक्याचे मोजमाप नसून धोक्याची सूचना आहे.

३. ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’

जीवाणूंची संख्या सांगताना आपल्याकडील अहवालांत ‘एम.पी.एन.’ ही अक्षरे येतात. त्यांचा अर्थ ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ असा आहे, आणि तो अक्षरशः घ्यावयाचा आहे. येथे जीवाणू कोणी मोजलेले नसतात. पोषक द्रव असलेल्या काही परीक्षानळ्यांमध्ये पाण्याचे ठराविक अंश घालून त्या उबवतात. जिच्यात एक तरी जीवाणू गेला ती नळी वायू धरते, जिच्यात एकही गेला नाही ती तशीच राहते. किती नळ्या ‘होय’ म्हणाल्या व किती ‘नाही’, एवढ्यावरून मूळ संख्येचे अनुमान करण्याची रीत मॅकक्रेडी यांनी १९१५ मध्ये मांडली.

एक सोपे उदाहरण घेऊ. पाच नळ्यांत प्रत्येकी १० मिलिलिटर पाणी घातले. जीवाणू पाण्यात स्वैरपणे विखुरलेले आहेत असे मानले, तर ‘नाही’ म्हणणाऱ्या नळ्यांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगरिदम काढून, त्याचे चिन्ह बदलून, त्यास १० ने भागले असता दर मिलिलिटरची संख्या मिळते. पाचांपैकी एक नळी ‘होय’ म्हणाली तर दर १०० मिलिलिटरला २.२, दोन म्हणाल्या तर ५.१, तीन तर ९.२, चार तर १६.१. पाचही ‘होय’ म्हणाल्या तर सूत्र अनंत उत्तर देते, म्हणजे ‘याहून अधिक’ एवढेच सांगता येते. या पायऱ्यांच्या मधले आकडे या प्रयोगातून निघूच शकत नाहीत.

व्यवहारात दहा-दहा पटींनी विरल केलेले तीन अंश व प्रत्येकी पाच नळ्या घेतात. त्यामुळे पल्ला वाढतो, पण अनिश्चितता जात नाही. कॉक्रन यांनी १९५० मध्ये दिलेल्या सूत्रानुसार अशा रचनेत लॉगरिदमातील (पाया १०) प्रमाण-त्रुटी सुमारे ०.२६ येते. याचा अर्थ, शंभरांपैकी पंच्याण्णव वेळा खरी संख्या मिळालेल्या आकड्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यापासून तिप्पटीपर्यंत कोठेही असू शकते. एकाच नमुन्यावरून १४०० हा आकडा आला असता तर खरी संख्या सुमारे ४४० ते ४५०० यांच्या दरम्यान आहे, एवढेच म्हणता आले असते. आणि २५०० ही मर्यादा या पट्ट्याच्या आतच पडते. पुष्कळ नमुने घेण्याची गरज येथूनच उत्पन्न होते.

४. सरासरी, भूमितीमध्य, मध्यक

जीवाणूंची वाढ गुणाकाराने होते आणि प्रवाहात त्यांचे विरलनही भागाकाराने होते. त्यामुळे नदीतील आकडे मध्याभोवती सारखे पसरत नाहीत. पुष्कळ लहान व थोडे फार मोठे अशी त्यांची मांडणी असते. शब्दांच्या वारंवारतेची कोष्टके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अशा विषम वाटणीची ओळख आहे. जीवाणूंच्या बाबतीत आकड्यांचे लॉगरिदम घेतले असता वाटणी बहुधा सममित होते.

समजण्यासाठी केवळ कल्पित असे सात आकडे घेऊ : २००, ४००, ७००, १४००, ४०००, ९०००, ४००००. यांची सरासरी सुमारे ७९५७, भूमितीमध्य सुमारे १९६०, आणि मध्यक १४००. सरासरीने पाहिले तर पाणी अयोग्य, भूमितीमध्याने व मध्यकाने पाहिले तर योग्य. आणि सातांपैकी तीन दिवस मर्यादा ओलांडलेली. गणितात चूक कोठेच नाही. प्रत्येक मापाला वेगळा प्रश्न विचारलेला आहे.

सरासरी एका मोठ्या आकड्याने वाहून जाते, म्हणून अशा वाटणीत मध्यक घेणे सांख्यिकीदृष्ट्या गैर नाही. ‘नदीची सर्वसाधारण स्थिती कशी होती?’ या प्रश्नाचे ते रास्त उत्तर आहे. दुसऱ्या अहवालाने विश्लेषणाचे कारणही तसेच दिले होते : एकाच ठिकाणचे निरनिराळ्या दिवशीचे आणि एकाच दिवशी निरनिराळ्या ठिकाणचे आकडे फार भिन्न येत होते. परंतु मध्यकाची व्याख्याच अशी की, निम्मे आकडे त्याच्या वर असू शकतात. मध्यक मर्यादेत आहे एवढ्यावरून निदान निम्मे नमुने मर्यादेत होते एवढेच सिद्ध होते. लॉगरिदमांची वाटणी सममित असून तिचे प्रमाण-विचलन ०.५ आहे असे गृहीत धरले, तर मध्यक १४०० असताना शंभरांपैकी सुमारे ३१ नमुने २५०० च्या वर जातील, आणि पंच्याण्णवावा शततमक सुमारे ९३०० येईल. हे विचलन गृहीत आहे, प्रयागचे नव्हे. पण केवळ मध्यक दिल्याने काय झाकले जाते हे त्यावरून दिसते.

५. प्रश्न कोणाचा?

स्नान करणारा मनुष्य मध्यकात उतरत नाही. तो एका घाटावर, एका दिवशी, एका घटकेला उतरतो. पर्वणीला घाटावर सर्वांत अधिक माणसे असतात, आणि खुद्द पहिल्या अहवालाने नोंदले होते की, गर्दीमुळे विष्ठाजन्य जीवाणूंचे प्रमाण वाढते. अशा वेळी सर्व दिवस व सर्व ठिकाणे यांना सारखे वजन देणारा मध्यक नदीविषयी बोलतो, स्नान करणाऱ्याविषयी नाही. शिवाय एकाच घाटावरचे लागोपाठचे नमुने परस्परांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून २० फेऱ्या व १० ठिकाणे म्हणजे २०० स्वतंत्र साक्षी असे मानता येत नाही.

याच कारणाने अन्यत्र निकषच दुहेरी केलेले आढळतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१२ च्या शिफारशींत ई. कोलायसाठी भूमितीमध्य १२६ आणि शिवाय शेकडा दहाहून अधिक नमुन्यांनी ओलांडू नये अशी ४१० ही दुसरी मर्यादा, असा एक पर्याय आहे. युरोपीय संघाचा २००६ चा स्नानजलविषयक निर्देश नव्वदावा व पंच्याण्णवावा शततमक पाहतो. आपल्याकडील निकषात ५०० ही इष्ट व २५०० ही कमाल मर्यादा आहे. ज्या मर्यादेच्या नावातच ‘कमाल’ हा शब्द आहे, तिची तुलना मध्यकाशी करणे हा शब्दार्थाचाही प्रश्न आहे.

६. उपसंहार

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या पाण्याविषयी असेच आकडे प्रसिद्ध होणे स्वाभाविक आहे, आणि त्यांचे विश्लेषण करण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांकडे येऊ शकेल. त्यांनी चार गोष्टी अवश्य द्याव्यात असे सुचवावेसे वाटते : प्रत्येक घाटाचा निराळा भूमितीमध्य अथवा मध्यक, मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे शेकडा प्रमाण, पंच्याण्णवावा शततमक, आणि पर्वणीच्या दिवसांचे वेगळे कोष्टक. ‘याहून अधिक’ अशा नोंदी गाळू नयेत, किंवा मर्यादेचाच आकडा त्यांच्या जागी घालू नये. त्या तशाच जाहीर करून त्यांस साजेशी रीत वापरावी. एवढे दिले म्हणजे ‘अनेक प्रसंगी’ याचा अर्थ किती प्रसंगी, आणि ‘योग्य’ याचा अर्थ कोणासाठी व केव्हा, हे वाचणाऱ्याला स्वतः ठरविता येईल.