जॉन ग्लेनी ग्रेग

जॉन ग्लेनी ग्रेग (जन्म : महू, मध्य भारत, २४ ऑक्टोबर १८७१; मृत्यू : मिलफर्ड-ऑन-सी, इंग्लंड, २४ मे १९५८) हे ब्रिटिश भारतीय सैन्यातील अधिकारी आणि हौशी क्रिकेटपटू होते. मुंबई इलाख्यातील युरोपियन संघाचे ते आघाडीचे फलंदाज. उतारवयात त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव निघते ते प्रामुख्याने गोलंदाज पालवणकर बाळू यांच्या संदर्भात.

ग्रेग यांचे शिक्षण इंग्लंडमधील डाउनसाइड शाळेत झाले. लष्करात दाखल झाल्यावर त्यांची कारकीर्द मुख्यतः पुणे व मुंबई येथे घडली. मुंबईच्या गव्हर्नरचे लष्करी सचिव म्हणूनही त्यांनी काम केले. ते कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले आणि त्यांना 'कंपॅनियन ऑफ द इंडियन एम्पायर' हा किताब मिळाला. 'जॉन ग्लेनी' या नावाचा उच्चार एतद्देशीय प्रेक्षकांच्या तोंडी 'जंगली' असा झाला आणि पुढे इंग्रजही त्यांना 'जंगली ग्रेग' म्हणू लागले. या टोपणनावाचा त्यांच्या स्वभावाशी काही संबंध नव्हता.

'''पुणे क्लब आणि बाळू'''

चर्मकार समाजातील बाळू यांचे वडील सैन्यात नोकरीस होते. बाळू प्रथम एका पारशी क्लबात दरमहा तीन रुपयांवर राबत. पुढे इ.स. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पुणे क्लबात चार रुपयांवर लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे, आखणी करणे ही त्यांची कामे. सरावासाठी चेंडू टाकण्याची संधी मिळताच त्यांच्या डावखुऱ्या मंदगती फिरकीची करामत साहेबांच्या ध्यानात आली. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बराच वेळ एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी बाद केले की प्रत्येक वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर ग्रेग यांना आठदा बाद केले की महिन्याचा पगार सुटत असे.

या सरावाचा लाभ दुहेरी होता : ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी घासूनपुसून धारदार झाली. तथापि ग्रेग यांना उद्धारकर्ते ठरवणे अतिशयोक्तीचे होईल. शेकडो तास चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती त्या क्लबात बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची आणि मेहनत चाकरांची, ही तेथील रीत ग्रेग यांनी मोडली नाही.

बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर पुण्याच्या हिंदू क्लबातील सभासदांत मतभेद होते. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा; पण अस्पृश्य मानलेल्या माणसाबरोबर खेळायचे कसे, असा तो पेच होता. अशा वेळी, बाळूंना वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडले. प्रतिस्पर्धी संघातील नामांकित फलंदाजाचा हा अभिप्राय डावलणे सोपे नव्हते. बाळू संघात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही विजयी संघात होते. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना रीतसर कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

'''क्रिकेट कारकीर्द'''

ग्रेग इ.स. १८९३-९४ पासून १९२०-२१ पर्यंत युरोपियन संघाकडून खेळले. पारशांविरुद्धचे वार्षिक सामने, १९०७ पासूनची तिरंगी स्पर्धा आणि १९१२ पासूनची चौरंगी स्पर्धा, असा मुंबईतील क्रिकेटचा सारा विस्तार त्यांनी मैदानातून पाहिला. रजेवर मायदेशी गेले की ते हॅम्पशायरकडून खेळत. १९०१ मध्ये लॅंकेशायरविरुद्ध त्यांनी काढलेल्या नाबाद २४९ धावा ही त्यांची सर्वोच्च खेळी होय.

इ.स. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. असा संघ पाठवण्याचे आधीचे प्रयत्न समाजासमाजांतील मतभेदांमुळे फसले होते. या वेळी हिंदू, पारशी व मुसलमान प्रतिनिधींच्या निवड समितीचे अध्यक्षपद ग्रेग यांच्याकडे होते. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार झाले. बाळू व शिवराम यांचीही निवड झाली. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली, परंतु बाळूंनी दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. ज्यांच्यासमोर त्यांनी पुण्याच्या जाळीत चेंडू टाकले होते, तेच ग्रेग आता निवड समितीचे अध्यक्ष होते.

'''उत्तरायुष्य'''

भारतातून परतल्यावर ग्रेग १९२१ ते १९३० या काळात हॅम्पशायर क्रिकेट क्लबचे सचिव होते. त्यानंतर त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९३५ मध्ये, वयाच्या साठीनंतर, ते रोमन कॅथलिक धर्मगुरू झाले. पुढे त्यांना 'कॅनन' हे पद मिळाले. १९४५ व १९४६ या वर्षी ते हॅम्पशायर क्लबचे अध्यक्षही होते. वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बाळू त्याआधीच, १९५५ साली, मुंबईत वारले होते.